कोसंबींचा निबंध जाळ्याबाहेर का राहिला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३१ जुलै हा दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्मदिवस. त्या दिवशी इतिहासकार कोसंबींची आठवण निघते, गणिती कोसंबींची फारशी निघत नाही.

प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी आधीच्या निबंधांची यादी असते. अशा हजारो याद्या जोडल्या की विषय कुठून निघाला, त्याला कुठे फाटे फुटले, हे दिसू लागते. १९६४ साली अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए संशोधनाचे असे जाळे काढून ते विज्ञानलेखक आयझॅक असिमोव्ह यांनी लिहिलेल्या इतिहासाशी ताडून पाहिले. बरेच धागे जुळले, आणि असिमोव्ह यांनी न सांगितलेले काही नवेही हाती लागले.

आता कोसंबींचे पाहा. फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना, १९४४ मध्ये त्यांनी जनुकांच्या पुनर्संयोजनाच्या (पुढच्या पिढीत जनुकांच्या जोड्या नव्याने जुळण्याच्या) प्रमाणावरून गुणसूत्रावरचे त्यांच्यातले अंतर काढण्याचे सूत्र दिले. निबंध इंग्लंडच्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला. पिकांचे जनुकीय नकाशे काढणारे आजही ते सूत्र कोसंबींच्याच नावाने वापरतात. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी यादृच्छिक प्रक्रियांविषयी (काळाबरोबर योगायोगाने बदलत जाणाऱ्या राशींविषयी) एक मूलभूत निबंध इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापला होता. पुढे तीच कल्पना कारहुनेन आणि लोएव्ह या गणितज्ञांनी स्वतंत्रपणे मांडली आणि ती त्या दोघांच्या नावाने रूढ झाली. माणूस एक, गाव एक, अंतर एका वर्षाचे, तरी एक निबंध जाळ्यात आला आणि दुसरा बाहेर राहिला! युद्धाचे दिवस होते हे खरे, पण निबंध कुठे छापला गेला याचाही यात मोठा वाटा असावा, असे मला वाटते. कोणी कोणाचा आधार घेतला एवढेच जाळे सांगते. आधी कोणी म्हटले, ते सांगत नाही.

इंग्रजीतल्या निबंधाची ही गत, तर मराठीचे काय? भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारख्या जुन्या नियतकालिकांतल्या तळटीपा म्हणजे आपल्या इतिहाससंशोधनाची वंशावळच. नुसती पाने स्कॅन करून ती हाती येत नाही. तळटीपेतला प्रत्येक उल्लेख वेगळा नोंदवावा लागतो, ‘कित्ता’ आणि ‘उपरोक्त’ कोणत्या ग्रंथाला उद्देशून आहे ते माणसाने बसून उलगडावे लागते. एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयशास्त्र विभागाने एकाच नियतकालिकाची पहिली दहा वर्षे हाती घ्यावीत. विद्यार्थ्यांसोबत नोंदी करायला मी आनंदाने येईन.

– एक निवृत्त ग्रंथपाल, पुणे