तेलाच्या पिशवीवरचे ‘शून्य’

संपादक महोदय,

रक्ताच्या अहवालात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढलेले दिसले की घरोघरी पहिला प्रश्न असतो, ‘आता तेल कोणते आणायचे?’ मग ‘कोलेस्टेरॉल शून्य’ असे ठळक छापलेली पिशवी घरात येते. शेंगदाणा, करडई, पाम, खोबरेल, कोणत्याच वनस्पतिजन्य तेलात सांगण्याजोगे कोलेस्टेरॉल नसते, तेव्हा त्या शून्यावरून काहीच कळत नाही. पिशवी उलटून मागच्या तक्त्यात संपृक्त मेदाची, म्हणजे ‘सॅच्युरेटेड फॅट’ची ओळ शोधावी. दर 100 ग्रॅममागे हा आकडा करडईत 10च्या आत, शेंगदाण्यात 20च्या आसपास, पामतेलात 50च्या जवळ आणि खोबरेलात 80च्या वर असतो. शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतच बनवते आणि रक्तातले एलडीएल उचलून घेण्याचे कामही मुख्यतः तेच करते. संपृक्त मेद जास्त झाला की ही उचल मंदावते.

एलडीएल उतरवायचे तर 2000 कॅलरींच्या आहारात हा मेद दिवसाला साधारण 15 ग्रॅमपर्यंत ठेवावा. ते 15 ग्रॅम आपल्या स्वयंपाकघरात पाहता पाहता संपतात. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर शेंगदाणा तेल लागत असेल, तर माणशी रोज पाच चहाचे चमचे होतात. त्यात झाले 4 ग्रॅम. (पाच लिटर लागणारी घरेही कमी नाहीत.) वरणभातावर चमचाभर साजूक तूप, आणखी 3. फुल क्रीम दुधात 6 टक्के स्निग्धांश असतो. ते चौघांत रोज लिटरभर संपत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 10 ग्रॅम संपृक्त मेद, म्हणजे मर्यादा इथेच ओलांडली. टोन्ड दुधात हेच 5 होतात, डबल टोन्डमध्ये अडीच. म्हशीचे सुटे दूध घेणाऱ्यांनी ते तापवून, पूर्ण गार करून जाड साय काढावी. मात्र त्या सायीचे लोणी कढवून ते तूप त्याच घरात पोळीला लावले, तर हिशेब होता तिथेच राहतो!

तेलातुपाची चर्चा होते, खोबऱ्याची होत नाही. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून अधिक संपृक्त मेद असतो. चौघांच्या रश्शाला 50 ग्रॅम खोबरे वाटले, तर माणशी 7 ग्रॅम वाढतात. खोबरे निम्मे करून उरलेल्या वाटणात भाजलेला कांदा, तीळ आणि चमचाभर डाळे घातले तर रस्सा तितकाच दाट होतो. खारी, टोस्ट आणि नानकटाईचे दुखणे वेगळे. खारीला पदर सुटायला साध्या तापमानाला घट्ट राहणारा मेद लागतो आणि तेल पातळ पडते. 2022 पासून ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या अपायकारक मेदावर, 2 टक्क्यांची मर्यादा आली हे चांगलेच झाले, पण घट्ट मेद लागतोच, आणि तो बहुधा पामतेलातून येतो. रोज चहाबरोबर खारी खाणारी मंडळी अंडे मात्र घाबरून सोडतात. एका अंड्यात संपृक्त मेद जेमतेम दीड ग्रॅम असतो. बलकातल्या कोलेस्टेरॉलचा परिणाम बहुतेकांत त्या मानाने कमी होतो. मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.

नुसते कमी करून भागत नाही, त्या जागी काय येते तेही पाहावे लागते. तूप सोडून भात, साखर, मैदा वाढवला तर एलडीएल फारसे हलत नाही, उलट ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, वर जातात. उपासाच्या साबुदाण्यात तर तंतू जवळजवळ नसतातच. त्याऐवजी रोज वाटीभर शिजलेली मटकी, चवळी किंवा हरभरा खावा. त्यातले विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारे, तंतू आतड्यात पित्ताम्ले (मेद पचवायला यकृताने कोलेस्टेरॉलपासून बनवलेली आम्ले) अडकवून बाहेर नेतात, ती पुन्हा बनवायला यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. उसळीवर तर्री ओतली की मात्र केलेले सगळे पाण्यात. इसबगोल घ्यायचे तर दिवसाला साधारण 10 ग्रॅमपर्यंत, दोन वेळांत विभागून आणि प्रत्येक वेळी पेलाभर पाण्यात. सुरुवात निम्म्याने करावी, नाहीतर पोट फुगते. थायरॉइडच्या व इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे.

हे सारे नेटाने केल्यास सहा ते आठ आठवड्यांनी तपासणीत फरक दिसतो. एलडीएल 160 चे 140-145 होणे शक्य असते, 100 होण्याची अपेक्षा धरू नये. एलडीएल 190च्या पुढे असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा झटका आलेला असेल, तर नुसत्या आहारावर विसंबू नये. थायरॉइड मंद असल्यानेही एलडीएल वाढते, ते आधी तपासून घ्यावे. चालू असलेली स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी लिंबू-आले-लसणाच्या काढ्यासाठी बंद करणे धोक्याचे आहे.

एक विनंती आपल्यालाही. पुरवण्यांमधल्या पाककृतींत मीठ-मसाल्याचे माप असते आणि तेलापुढे ‘आवश्यकतेनुसार’ छापलेले असते. तिथे तेल किती चमचे आणि पदार्थ किती जणांसाठी, एवढे दोन आकडे छापता येतील का?

– एक आहारतज्ज्ञ, पुणे