क्रीडा प्रबोधिनीच्या चाचणीआधी : पालक व क्रीडाशिक्षकांसाठी

सर्वांना नमस्कार. क्रीडा प्रबोधिनी म्हणजे मुलांना तिथेच ठेवून खेळ शिकवणारी शासनाची संस्था. तिच्या निवड चाचणीसाठी ज्यांची मुलं पाठवायची आहेत, त्यांनी जन्मदाखला आणि आधार कार्डवरची जन्मतारीख आजच ताडून पाहावी. त्यात फरक असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो.

चाचणीत उंची-वजनाबरोबर 30 मीटर धाव, 6 × 10 मीटर शटल रन (10 मीटरचं अंतर ये-जा करत सहा वेळा धावणं), 800 मीटर, मेडिसिन बॉल (जड चेंडू) फेक, जागेवरून लांब उडी, उभी उडी आणि लवचिकता पाहतात. मुलगा कबड्डीत किती गुण आणतो, हे इथे मोजत नाहीत. सगळ्यात जास्त मुलं 800 मीटरमध्ये मागे पडतात, कारण पहिल्याच फेरीत जीव तोडून धावतात. आठवड्यातून दोनदा तरी ते अंतर सावकाश, एका लयीत पळवून घ्या.

शिक्षकांना एक कळकळीची विनंती. फक्त थोराड मुलं निवडू नका. 12-13 व्या वर्षी काहींची वाढ लवकर होते, काहींची उशिरा. आज वर्गात बुटकी दिसणारी मुलगी उडीत चपळ असेल तर तिचं नाव द्याच. मुलींची नावं दरवर्षी कमी येतात, याचं मला फार वाईट वाटतं.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे प्रबोधिनीत आल्यावर नेमबाजीकडे वळला आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरण्याचा प्रकार) कांस्यपदक जिंकला. प्रबोधिनीत राहणं, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षणाचा खर्च शासन करतं, हे घरी नीट समजावून सांगा.

नावं रविवारपर्यंत द्या. तालुक्याचं वेळापत्रक आलं की इथेच टाकतो.