अभिषेकीबुवांच्या रचनांची बैठक करतोय, माईकशिवाय. हातभार लावा!

मंडळी नमस्कार, ७ नोव्हेंबरला पं. जितेंद्र अभिषेकीबुवांची पुण्यतिथी. यंदा हॉल, स्टेज, फ्लेक्स असलं काही करायचं नाही असं मंडळात ठरलंय, फोंड्यातल्या एका जुन्या घराच्या राजांगणात, म्हणजे मधल्या अंगणात, बैठक करायची, शंभरेक माणसं दाटीवाटीनं खाली बसतील एवढीच जागा आहे आणि माईक अजिबात लावायचा नाही.

बुवा आपल्या मंगेशीचे. त्यांचं गाणं सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण आम्हाला यावेळी त्यांच्यातला रचनाकार ऐकवायचाय. आधी 'श्यामरंग' नावानं त्यांनी बांधलेल्या बंदिशी आणि मग नाट्यपदं. १९६४ च्या 'मत्स्यगंधा'तलं 'अर्थशून्य भासे मज' घ्या, पद आटोपशीर, तानांचा पाऊस नाही, आणि तरी राग कुठे पातळ होत नाही. आणि 'कट्यार काळजात घुसली' नाटकातलं 'घेई छंद मकरंद' तर बघाच, शब्द तेच पण चाली दोन, एक सालगवराळी रागात आणि दुसरी धानी रागात, दोन घराण्यांचं भांडण त्यांनी नुसत्या चालींतून उभं केलं! या दोन्ही चाली आम्ही लागोपाठ घेणार आहोत, समोर चार हातांवर गाणारा बसलाय आणि त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतोय अशा ठिकाणी त्या ऐकण्यात वेगळीच मजा आहे.

आता पैशांचं. एकूण खर्च ८५,००० च्या आसपास जाईल, त्यातले ५०,००० वर्गणीतून जमलेत, ३५,००० कमी पडतायत. सगळ्यात मोठा खर्च मानधनाचा आणि तो आम्ही कमी करणार नाही. गाणारी आपलीच मुलं आहेत, ती म्हणतात आम्हाला काही नको, पण तबला-पेटीवाल्यांना रिकाम्या हातानं पाठवायचं हे मंडळाला पटत नाही, आणि मुलांनाही पाकीट द्यायचंच. दुसरा खर्च तानपुऱ्यांचा. दोन्हीची जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, गेलीय, एकाचा भोपळा तडकलाय, मिरजेला पाठवावे लागतील. तिथले कारागीर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, जरा घासतात, तार छेडून कान लावतात, परत घासतात, असं चालतं ते काम, घाईत होत नाही, म्हणून पैसे गणपतीआधी हातात आले तर बरं. माईक नसताना सगळी मदार तानपुऱ्यावरच असते हो.

१०० रुपये दिलेत तरी चालतील. क्यूआर कोड मंडळाच्या ग्रुपवर टाकलाय, पावती प्रत्येकाला मिळेल आणि बैठकीनंतर आठवड्याभरात सगळा हिशोब तिथेच टाकू. ज्यांना पैसे जमणार नाहीत त्यांनी सतरंज्या, लोड, समया द्या, नाहीतर आदल्या दिवशी झाडलोटीला या. मिरजेकडे रिकामी गाडी जाणारं कुणी असेल तर आत्ताच सांगा, तानपुरे ट्रान्सपोर्टनं पाठवायला जीव धजत नाही. बाहेरून येणाऱ्या दोन साथीदारांची एका रात्रीची सोय घरी करू शकणारं कुणी असेल तर तेही कळवा.

तिकीट नाही. पोरांना घेऊन या, त्यांना पुढे बसवू.