गढूळ पाण्याची तक्रार ‘निकाली’ निघते, दोष मात्र जागेवरच

महोदय,

‘आमच्याकडे पाणी गढूळ येते’ एवढीच तक्रार पालिकेच्या अ‍ॅपवर किंवा प्रभाग कार्यालयात नोंदवली, की ती बहुधा दोन-चार दिवसांत बंद होते. कर्मचारी येतात, गल्लीच्या टोकाचा वॉशआउट (वाहिनीतले पाणी बाहेर सोडून ती धुण्याची चावी) अर्धा तास सोडून ठेवतात, बादलीत स्वच्छ पाणी धरून फोटो काढतात आणि तक्रारदाराच्या मोबाइलवर ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश येतो. आठवड्याभरात त्याच नळाला पुन्हा तेच पाणी. दर वेळी यात कामचुकारपणाच असतो असे नाही. तक्रार नोंदवण्याची आणि तपासण्याची पद्धतच अशी आहे की दोष सापडण्याची शक्यता कमी राहते. पावसाळ्याच्या तोंडावर ही पद्धत बदलावी, एवढ्यासाठी हे पत्र.

आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून काही तासच सुटते. पाणी चालू असताना पाइपात दाब असतो, त्यामुळे भोक असले तरी तिथून पाणी बाहेर पडते. चावी बंद झाली की वरच्या भागातले पाणी उतारावरच्या घरांकडे ओसरते, पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. भोवती गटार असेल तर गटाराचे, तुंबलेले चेंबर असेल तर मैल्याचे. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की रात्रभर साचलेली ती घाण पहिल्या पाच-दहा मिनिटांत घराघरांत पोहोचते आणि नंतर पाणी निवळते. कर्मचारी दुपारी येतात तेव्हा पाहायला काहीच उरलेले नसते.

भोक बहुतेक वेळा मुख्य जलवाहिनीला नसते. ते असते फेरुलपासून (मुख्य वाहिनीवर घराचा नळ जोडलेला असतो तिथपासून) मीटरपर्यंतच्या अर्धा इंची नळजोडात. जुन्या वस्त्यांत हे जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप रस्त्याकडेच्या गटारातून, कधी थेट ड्रेनेजच्या चेंबरमधून गेलेले असतात. जोडाच्या जागी आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो, म्हणून गंज तिथून सुरू होतो. गटारात पाइपचा जो भाग कधी पाण्यात, कधी उघडा असतो तो आधी सडतो. वरून पाहिले तर पाइप धड दिसतो, पण खालच्या बाजूने हात फिरवला की पापुद्रा सुटून हातात येतो आणि त्याखाली सुईच्या अग्राएवढे छिद्र असते. दुसरे ठिकाण म्हणजे केबलसाठी खोदलेले चर. कुदळ किंवा जेसीबीचा दात नळजोडाला लागतो, मजूर सायकलची ट्यूब गुंडाळून तार आवळतात आणि त्याच दिवशी माती लोटली जाते. ती ट्यूब आतून येणारा दाब काही महिने सोसते, पण पाइप रिकामा झाल्यावर बाहेरून होणारी ओढ तिला थोपवता येत नाही.

केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्थेच्या पाणीपुरवठा नियमावलीनुसार जलवाहिनी आणि मैलावाहिनी यांत आडवे अंतर किमान ३ मीटर असावे. ते शक्य नसेल तर जलवाहिनीचा तळ मैलावाहिनीच्या माथ्यापेक्षा किमान अर्धा मीटर उंच असावा. गावठाणात अख्खी गल्लीच तीन मीटरची, तिथे आडवे अंतर कुठून आणणार? पण नळजोड गटाराच्या वरून नेणे, गटार ओलांडताना तो मोठ्या पाइपातून ओवून घेणे किंवा तेवढ्या भागात बिनजोडाचा एमडीपीई (न गंजणारा प्लॅस्टिकचा) पाइप टाकणे ही कामे तिथेही होतात. एका नळजोडाला असे काम दिवसभराचे असते.

हे लक्षात घेतले की तक्रारीत काय लिहायचे ते आपोआप ठरते. पाणी कसे दिसते यापेक्षा केव्हा दिसते हे महत्त्वाचे. फक्त सुरुवातीची काही मिनिटे काळपट आणि गटाराच्या वासाचे असेल, तर नळजोडात किंवा गल्लीतल्या वाहिनीत बाहेरचे पाणी शिरते आहे. पूर्ण वेळ मातकट, वास नाही आणि सगळ्या भागात तसेच असेल, तर कारण गल्लीत नाही. ते जलशुद्धीकरण केंद्राकडे किंवा उंच टाकीकडे शोधावे लागेल. तांबूस आणि भांड्याच्या तळाशी दाणे बसणारे असेल तर जुन्या पाइपचा गंज. दुधासारखे पांढरे, पण पेल्यात तळापासून वर निवळत जाणारे असेल तर ती हवा असते, त्यासाठी तक्रारीची गरज नाही.

दुसरी तपासणी क्लोरीनची. जंतू मारण्यासाठी पाण्यात क्लोरीन घातलेला असतो, बाहेरची घाण शिरली की तो संपतो. ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीचे किट स्वस्त असते आणि वापरणे सोपे. परीक्षानळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, किटवर लिहिलेले थेंब टाकायचे, हलवून लगेच रंग जुळवायचा. पिवळा रंग म्हणजे क्लोरीन आहे, रंगच नाही म्हणजे क्लोरीन नाही. रंग तत्काळ वाचावा. नळी पाच मिनिटे ठेवून मग पाहिली तर इतर संयुगांतला क्लोरीनही रंग देतो आणि आकडा फुगतो. हे द्रावण त्वचेला चांगले नाही, म्हणून तपासलेले पाणी मोरीत ओतून हात धुवावेत. भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ नुसार ग्राहकाच्या नळाला मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावा, गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणाचे एकक) असावा (दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो) आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा मैल्याची खूण असलेला जिवाणू अजिबात नसावा.

सोसायटीत ही चाचणी तीन ठिकाणी करावी : मीटरजवळच्या थेट नळाला, जमिनीखालच्या टाकीत आणि गच्चीवरच्या टाकीत. मीटरला क्लोरीन आहे आणि खालच्या टाकीत नाही, तर दोष आपल्या टाकीत आहे. पालिकेला पत्र लिहिण्याआधी टाकीची भेग आणि शेजारचे ड्रेनेजचे चेंबर पाहावे. मीटरलाच नसेल तर गल्लीतल्या घरांत पाण्याच्या वाहण्याच्या दिशेने एकेक नळ तपासत जावे. ज्या घरापर्यंत पिवळा रंग येतो आणि ज्या घरापासून तो नाहीसा होतो, त्या दोन घरांच्या मध्येच बहुधा खोदावे लागते. एकाच घरात रंग येत नसेल, तर त्या घराचा नळजोड. अशी घरे कागदावर खुणा करून दिली, की कनिष्ठ अभियंत्याला पन्नास फूट रस्ता उकरण्याऐवजी चार-पाच फुटांचा खड्डा पुरतो.

मग तक्रार अशी होते : ‘अमुक रस्ता, अमुक चौकापासून तिसरी गल्ली, घरे १ ते ९. सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी सकाळी ६.१० ला पाणी सुटले. पहिली ८ मिनिटे काळपट, गटाराचा वास, ६.२५ नंतर स्वच्छ. ६.१५ ला ओटी चाचणी : घर १ ते ४ पिवळा रंग, घर ५ ते ९ रंग नाही. घर ४ व ५ च्या मध्ये तीन नळजोड गटारातून गेले आहेत, चेंबर पंधरा दिवसांपासून तुंबलेले आहे. घर ६ व ८ मध्ये जुलाबाचे रुग्ण आहेत. तपासणी पाणी सुटण्याच्या वेळी करावी.’ शेवटचे वाक्य कधीही गाळू नये.

हे पत्र एकट्या पाणीपुरवठा विभागाला दिले, तर ‘चेंबर मलनिःसारण विभागाचे’ म्हणून परत येते. मलनिःसारण विभाग चेंबर साफ करून आपल्यापुरती तक्रार बंद करतो, आणि खड्डा घ्यायला पथ विभागाची परवानगी लागते म्हणून आणखी आठवडा जातो. त्यामुळे एकच पत्र तिन्ही विभागांच्या नावे द्यावे, आरोग्य अधिकाऱ्यांना प्रत द्यावी आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्यावा. अ‍ॅपवरची तक्रार बंद झाली तरी शिक्क्याची पोच हातात राहते. जुलाब-उलट्यांचे रुग्ण असतील तर जवळच्या पालिका दवाखान्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे. रोगसर्वेक्षणाच्या नोंदीत एकाच गल्लीतले रुग्ण दिसले की पाण्याचा नमुना घ्यायला आरोग्य विभाग स्वतः येतो.

नमुन्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण खरी चूक इथे होते. जिवाणू तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा लागतो आणि त्या बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट असावे लागते. ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहतो आणि अहवाल फसवा चांगला येतो. उलट, घरची शीतपेयाची बाटली धुऊन नेली तर प्रयोगशाळा ती घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत आणि उशिरात उशिरा २४ तासांत प्रयोगशाळेत तपासणीला लागला पाहिजे. इथवर सगळे ठीक. पण प्रचलित पद्धतीप्रमाणे नमुन्याआधी नळ दोन-तीन मिनिटे वाहू देतात. मुख्य वाहिनीतले पाणी तपासायचे असेल तर ते योग्यच. आपली तक्रार मात्र त्याच पहिल्या मिनिटांची असते, आणि पुरावा मोरीतून वाहून गेल्यावर बाटली भरली जाते. म्हणून अशा तक्रारीत दोन नमुने घ्यावेत : एक पाणी सुटताच, दुसरा नेहमीच्या पद्धतीने. दोन्ही बाटल्यांवर वेळ लिहावी. जिवाणूंचा अहवाल यायला एक-दोन दिवस लागतात, तोवर थांबू नये. क्लोरीन शून्य आणि गटाराचा वास एवढ्यावर तो नळजोड त्याच दिवशी बंद करून टँकर द्यायला हवा.

तक्रार काम न होताच बंद झाली, तर पुन्हा तीच तक्रार टाकत राहण्यापेक्षा नोंदी मागाव्यात. राज्य शासनाच्या २०१८ च्या निर्णयानुसार महापालिकांसह अनेक कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. वॉशआउटची नोंदवही आणि नमुन्यांचे अहवाल तिथे मागून पाहावेत. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर शुल्क १० रुपये, विषय एक आणि शब्द १५० च्या आत. ‘काम का केले नाही?’ असे विचारू नये, त्याला उत्तर मिळत नाही. ‘तक्रार क्रमांक अमुक बंद करताना केलेल्या कामाची नोंद, खड्ड्याचे ठिकाण, कामाआधीचे व नंतरचे क्लोरीनचे मोजमाप आणि नमुन्याचा अहवाल यांच्या प्रती द्याव्यात’ असे विचारावे. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. याच कायद्याच्या कलम २ मध्ये चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे. तो फार थोडे लोक वापरतात.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात त्या लोकशाही दिनात अर्ज १५ दिवस आधी, विहित नमुन्यात आणि दोन प्रतींत द्यावा लागतो, आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. गल्लीच्या पन्नास सह्यांचे निवेदन तिथे परत येते, एका घराच्या नळजोडाचा अर्ज दाखल होतो. लोकसेवा हक्क कायदा (२०१५) ठरावीक मुदतीत अधिसूचित सेवा मिळण्यासाठी आहे. नवीन नळजोडासाठी त्याचा उपयोग होतो, दूषित पाण्याच्या तक्रारीसाठी तो मार्ग धरून वेळ घालवू नये.

नागरिकांच्या बाजूचा एक दोषही सांगितला पाहिजे. नळाला थेट मोटर लावून पाणी खेचले की दाब असतानाही त्या भागात ओढ तयार होते, आणि शेजाऱ्याच्या फुटक्या जोडातून घाण आत येते ती सगळ्यांसाठी. दहा घरांच्या गल्लीत तीन मोटरी चालू असतील तर पालिकेने पाइप बदलूनही पाणी सुधारेलच असे नाही. मीटरनंतर जमिनीखालच्या टाकीत पाणी पडू द्यावे आणि मोटर त्या टाकीवर लावावी.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ एक आढळले. अनेक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा दूषित अन्न-पाण्यातून पसरणारा जिवाणू सापडला आणि घराघरांतल्या पाण्याच्या क्लोरीनचे आकडे रोज बातम्यांत येऊ लागले. साथ आल्यावर यंत्रणा जे मोजमाप दारोदार जाऊन करू शकते, ते एका गल्लीच्या तक्रारीवरही करू शकते. त्याला नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मधल्या बंधनकारक कर्तव्यांत पाणीपुरवठा आहेच.

म्हणून पालिका आयुक्त आणि नगरपरिषदांचे मुख्याधिकारी यांना आमची विनंती अशी. दूषित पाण्याच्या तक्रारीची तपासणी त्या भागात पाणी सुटल्यापासून पहिल्या १५ मिनिटांतच व्हावी. वॉशआउट हे तात्पुरते काम म्हणून नोंदवावे, तेवढ्यावर तक्रार बंद करू नये. तक्रार बंद करण्याच्या पानावर तीन रकाने सक्तीचे असावेत : दोष कुठे सापडला, काय बदलले, आणि कामानंतर सलग तीन दिवस पाणी सुटतानाचा क्लोरीन किती. पावसाळ्यात खोदाईला असलेली बंदी या कामाला लागू नसल्याचे पथ विभागाने १ जूनपूर्वी लेखी कळवावे. गटारातून गेलेल्या नळजोडांची यादी प्रत्येक प्रभाग कार्यालयाबाहेर लावावी. ती तयार करायला सल्लागार नेमण्याची गरज नाही. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यांना त्यातले बहुतेक जोड तोंडपाठ असतात. त्यांच्यासोबत एका अभियंत्याने सकाळी गल्ल्यांतून फिरावे.

– शहरी पाणीपुरवठ्याचा पाठपुरावा करणारे काही नागरिक