गल्लीला थोडे पैसे द्या, काम आम्ही करतो

मा. संपादक,
स. न.

महापालिकेच्या बजेटसाठी नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे आणि ती मला मनापासून आवडते, अजूनही फार थोड्या शहरांत असं काही होतं. पण त्यात आपलं काम सुचवण्यापुरतंच. बाक हवा, दिवा हवा, फुटपाथ नीट करा असा फॉर्म भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा आणि पुढे एस्टिमेट, टेंडर, ठेकेदार. सिमेंटच्या कामाला हे ठीकच आहे. पण शेजारपाजारचे लोक मिळून जी कामं करतात, म्हणजे गल्लीचं खत, एका कपाटात मावेल एवढं वाचनालय, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज कोणीतरी हाक मारायची सोय, मुलांसाठी रविवारचे खेळ, त्यांचं टेंडर काय काढणार? तिथे लागतात दहा-वीस हजार रुपये, आणि ते लोकांच्या हातात.

आमच्या गल्लीत काही वर्षांपासून ओल्या कचऱ्याचं खत तयार होतं. ड्रम, कोकोपीट, जाळी, फावडं, दरवेळी खर्च त्याच चार घरांच्या खिशातून आणि त्या चारांतलं एक घर रिडेव्हलपमेंटला गेलं की सगळं थंड. लोकांना काम करायचा कंटाळा नाहीये हो, रविवारी सकाळी पंधरा जण सहज येतात, पण दारोदार पैसे मागत फिरायचा मात्र सगळ्यांनाच संकोच वाटतो.

यावर लगेच सल्ला मिळतो की सीएसआरमधून, म्हणजे कंपन्या समाजकार्यासाठी देतात त्या पैशातून घ्या. पण २०२१ पासून त्या पैशासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, त्याआधी ट्रस्ट किंवा सोसायटी रजिस्टर हवी, बाराए, ऐंशीजी या इन्कम टॅक्सच्या नोंदण्या आणि बहुतेक वेळा तीन वर्षांच्या कामाचा रेकॉर्ड. पाच ड्रमांसाठी चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसला खेटे कोण घालणार? आणि रजिस्ट्रेशनशिवाय पैसा देताच येत नाही असंही नाही, आपल्याकडे बचत गट आहेतच की. रिझर्व्ह बँकेने १९९१ मध्ये बँकांना परवानगी दिली, १९९२ ला नाबार्डने ५०० गटांपासून सुरुवात केली आणि तेव्हापासून नोंदणी नसलेल्या गटांना नुसत्या ठरावावर, सह्यांवर आणि वहीवर बँकेत खातं उघडून मिळतं, कर्जसुद्धा मिळतं. बायकांच्या वहीवर बँक विश्वास ठेवते तर गल्लीच्या वहीवर महापालिकेने का ठेवू नये?

अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये महापालिकेनेच १९८८ साली वस्त्यांसाठी असा फंड काढला. त्यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे लोकांनी आपला वाटा घालायचा पण तो रोखच पाहिजे असं नाही, श्रमाचे तास पैशात मोजतात, दिलेलं सामानही धरतात. तिथल्या फ्रीमाँट भागात एका पुलाखाली कचरा टाकायचे, गैरप्रकार चालायचे, तिथे १९९० मध्ये वस्तीने राक्षसाचा एक अवाढव्य पुतळा उभा केला, हातात खरीखुरी फोक्सवॅगन गाडी धरलेला, आणि आज लोक मुद्दाम तो बघायला जातात. श्रमदान आपल्याला काही नवीन नाही, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावंच्या गावं झाडू घेऊन उतरली, पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये लोकांनी उन्हाळ्यात चर खणले. पण शहरात त्या घामाची किंमत कुठल्याही हिशोबात धरली जात नाही, ती धरा एवढंच म्हणणं आहे.

पैसे कार्यकर्तेच खातील अशी शंका बरेच जण काढतात आणि ती रास्त आहे. म्हणून रक्कम लहान ठेवा, माझ्या मते २५ हजारांच्या वर नको, अर्धे आधी आणि उरलेले काम दिसल्यावर. सह्या एकाच गल्लीत राहणाऱ्या तीन वेगवेगळ्या घरांच्या घ्या, त्यात एक तरी बाई हवीच, आणि खर्चाचा कागद गल्लीच्या तोंडाशी लावायचा. कोकोपीटच्या पोत्याचा भाव तिथे जास्त लिहिला तर समोरचा किराणावालाच विचारेल, लांबच्या ऑडिटरला ते कळणारही नाही. एखादा प्रयोग फसेल, कुठेतरी झाडं जळतील, ते धरून चाला, तेवढी जोखीम एवढ्या रकमेत परवडते.

नगरसेवक असले काय नसले काय, हे चालू राहायला पाहिजे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होते, तेव्हा साध्या कामासाठी कुणाला भेटायचं हेच लोकांना कळत नव्हतं. म्हणून आहे त्याच नागरिकांच्या बजेटमधून प्रत्येक प्रभागाची थोडी रक्कम या कामांसाठी वेगळी काढा आणि अर्ज एका पानाचा ठेवा, मराठीत, क्षेत्रीय कार्यालयात हातोहात देता येईल असा. कारण ही कामं करणाऱ्यांत आमच्याकडे तरी निम्म्या बायका साठीच्या पुढच्या आहेत, आणि पोर्टलवर पीडीएफ अपलोड करायला त्यांना नातवंडं घरी यायची वाट बघावी लागते.

– एक वाचक, पुणे