नोटीस घेऊन आलेल्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

ज्यांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटून वर्ष झाले त्यांनाच आमच्या पतपेढीने थकबाकीची नोटीस धाडावी, आणि त्यांनी भांडायला येण्याऐवजी 'यादी काढताना अट काय लिहिली होती, दाखवाल का?' एवढेच विचारावे, असा सभासद मी पंधरा वर्षांच्या नोकरीत आपल्याआधी पाहिला नव्हता.

त्याआधी दोन दिवस मी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांना फोन करत होते. 'तुमची माहितीच चुकीची भरली आहे, पुन्हा भरा,' असे उत्तर मिळाले; या सल्ल्याचे बिल मात्र अचूक भरून आले.

अट साधी होती: शाखा दादर ऑर शाखा परळ अँड थकबाकी शून्याहून अधिक. मनात वाचले की 'दादर किंवा परळचे थकबाकीदार' असेच ऐकू येते. एसक्यूएल, म्हणजे संगणकातल्या नोंदींतून यादी काढण्याची भाषा, मात्र अँड आधी जोडते, त्यामुळे परळचे फक्त थकबाकीदार आले आणि दादरची अख्खी शाखा, कर्ज फेडलेल्यांसकट, यादीत येऊन बसली. आपण हे एका नजरेत ओळखले असणार, तरीही कीबोर्ड स्वतःकडे ओढला नाहीत. खिशातली पेन्सिल माझ्या हातात दिलीत, नोटिशीच्या पाठकोऱ्या बाजूवर ती ओळ मला लिहायला लावलीत आणि म्हणालात, 'शाळेतले कंचेभागुबेव आठवते ना? अँड म्हणजे गुणाकार, ऑर म्हणजे बेरीज. आता कंस कुठे घालायचा, ते तुम्ही सांगा.'

पहिला कंस मी चुकीच्या जागी घातला. आपण काही न बोलता थांबलात, मागे रांग कुरकुरत असतानाही थांबलात. दुसऱ्या खेपेला मी दोन्ही शाखा कंसात घेतल्या आणि यादी बरोबर निघाली. जाणकार माणसे समोरच्याच्या चुकीवर किती चटकन झडप घालतात, हे मी रोज पाहते. म्हणून आपले ते थांबणे अजून मनातून जात नाही. अँडला गुणाकाराचे रूप देणारा गणितज्ञ जॉर्ज बूल यांचा ग्रंथ 1854 चा आहे, हे मी नंतर वाचले.

जाता जाता आपण रिकाम्या रकान्यांबद्दलही बजावलेत. शाखाच भरलेली नसेल, तर दादर म्हणून शोधा की अटीला नॉट (म्हणजे 'नाही') लावून, ते नाव कुठल्याच यादीत येत नाही, कारण रिकाम्याशी केलेली तुलना खरी ठरत नाही आणि खोटीही. 'इज नल', म्हणजे 'रकाना रिकामा आहे', ही अट लावून मी अशी नावे वेगळी काढली. सात निघाली, त्यांतले एक आमच्या माजी अध्यक्षांचे आहे.

आपली नम्र,
पतपेढीतील लिपिक, मुंबई