नागलीची बिअर नाशिकनं करावी

संपादक महोदय,

द्राक्षाचा हंगाम आला की आपल्या दैनिकात वायनरी, पर्यटक आणि निर्यातीच्या बातम्या भरभरून येतात. त्या मी आवडीनं वाचतो. पण मी बिअरचा शौकीन आहे, आणि एक घोट घेताच नाशिक आठवावं अशी बिअर मला अजून भेटलेली नाही, ही माझी खरी खंत आहे.

कोणत्याही बिअर शॉपीच्या फ्रिजसमोर उभं राहा. लेबलं रंगीबेरंगी, आत मात्र बहुतेक एकाच वळणाची लागर, म्हणजे कमी तापमानाला आंबवलेली बिअर. काउंटरवर पहिला प्रश्न ‘माईल्ड की स्ट्राँग?’ म्हणजे अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आत की आठपर्यंत, एवढीच निवड. चवीबद्दल कोणी विचारत नाही. आणि बाटली इतकी गार करून देतात की चव असली तरी जिभेला कळू नये. आपल्या झणझणीत चिवड्याबरोबर ती गोडसर स्ट्राँग बिअर घेतली की चिवड्याचीही मजा जाते. त्याला हलकी, फसफसणारी, किंचित आंबूस बिअर हवी.

जगात बिअर गावागणिक बदलते. जर्मनीतल्या बांबर्गला बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य वाळवतात, त्यामुळे बिअरला धुराचा वास असतो. लाइपझिगच्या गोझे बिअरमध्ये मीठ आणि धणे घालतात. ब्रुसेल्सच्या आसपास लँबिक नावाची बिअर करणारे वरून यीस्ट घालतच नाहीत. थंडीच्या दिवसांत धान्याचा उकळलेला रस उथळ, उघड्या भांड्यात रात्रभर ठेवतात आणि हवेतल्या रानटी यीस्टवर सोपवून देतात. कोलोनची कोल्श बिअर तर 200 मिलीच्या सडपातळ ग्लासात येते. वेटर न विचारता भरलेले ग्लास आणत राहतो, ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलनं रेघा मारतो, आणि तो पुठ्ठा तुम्ही ग्लासावर झाकला की मगच थांबतो. तिथल्या ब्रुअरीवाल्यांनी 1980 च्या दशकात आपसांत करार करून कोल्श हे नाव आपल्या भागापुरतं राखलं. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हा अभिमान वेगळा समजावून सांगायला नको.

आपल्यासाठी सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र युरोपातलं नाही, ते आहे सिक्कीम-दार्जिलिंगकडचं तोंगबा. शिजवलेलं भरड धान्य आंबवून उभ्या भांड्यात भरतात, वरून गरम पाणी ओततात आणि बांबूच्या नळीनं ओढतात. पाणी संपलं की पुन्हा ओततात. ते धान्य म्हणजे आपली नागलीच, म्हणजे नाचणी.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरउतारावर, वरकस जमिनीत नागली पावसाच्या पाण्यावर होते. बाजारात तिचे पापड मिळतात, घरात भाकरी होते. आणि लहान बाळासाठी नागलीचं सत्त्व करतात तेव्हा आपल्या बायका काय करतात? नागली भिजवतात, फडक्यात बांधून मोड आणतात, वाळवतात, भाजतात, दळतात. बिअरसाठी बार्लीचं माल्ट करतात तेही भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजूनच. मोड येताना धान्यात जे पाचकरस तयार होतात तेच पुढे पिठूळ भागाची साखर करतात, आणि भरड धान्यांमध्ये हा गुण नागलीत चांगला उतरतो. हे ज्ञान आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान् पिढ्या आहे.

अडचण एक आहे. बार्लीची टरफलं रस गाळताना चाळणीचं काम करतात. नागलीचा दाणा बारीक, त्याला तशी टरफलं नाहीत, त्यामुळे नुसत्या नागलीचा लगदा गाळताना अडतो. म्हणून सुरुवातीला नागली आणि बार्ली मिसळूनच करावी लागेल. त्यात कमीपणा नाही. गव्हाच्या बिअरमध्येही बार्ली असतेच.

पुण्यात 2009 साली डुलाली ही जागेवरच बिअर करून देणारी छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि ताज्या बिअरचं दालन राज्यात उघडलं. नाशिकला वाईन आली ती नुसत्या हौसेवर नाही. 2001 च्या धोरणात सरकारनं राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनला उत्पादन शुल्कातून सूट दिली, कारण त्यामागे शेतकरी दिसत होता. नागलीच्या मागेही शेतकरीच आहे, आणि तो द्राक्षवाल्यापेक्षा कितीतरी गरीब आहे. राज्यातल्या भरड धान्यापासून केलेल्या, पाच टक्क्यांच्या आतल्या बिअरला तशीच सवलत मिळाली, तर लहान ब्रुअरीवाला हा प्रयोग करायला धजावेल.

तीर्थक्षेत्रात हा विषय कशाला, असं काही वाचक म्हणतील. गोदाकाठाचं पावित्र्य मलाही प्रिय आहे. बिअरसाठी 21 वर्षांची अट आहे, ती काटेकोर पाळावी आणि गाडी चालवणाऱ्यानं ग्लासाला हात लावू नये, यात माझ्याकडून तसूभरही सूट नाही. पण इथे स्ट्राँग बिअर आजही विकली जातेच. तिच्या जागी हलकी आणि इथल्या मातीची बिअर आली तर मला ते अधिक बरं वाटेल.

आपल्याला एक विनंती आहे. द्राक्षाच्या पुरवणीबरोबर एकदा नागलीवरही पान काढा. सुरगाणा-पेठच्या शेतकऱ्यांना विचारा की किती नागली घरखर्चापलीकडे उरते, व्यापारी काय भाव देतो आणि कोणत्या भावाला ते ती ब्रुअरीला देतील. माल्ट करण्याचं काम तिथल्या महिला बचत गटांना जमेल का, तेही त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक